कचऱ्याच्या ढिगावर उतरली पाखरं

दोस्तांनो, आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या मुलांचं समुद्राशी नातं ते काय? सुट्टीत एखाद्या वेळी मुंबईला जायचं, चौपाटीवर भेळ खायची, चपला हातात घेऊन पाय भिजवायचे आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचं! तापीमाय मात्र दर पावसाळ्यात आपल्या शेतांमधली काळी माती घेऊन समुद्राला भेटायला जाते. मुलताईला निघते, बऱ्हाणपूर ओलांडते, आख्खा खान्देश पार करते आणि सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. ७२४ किलोमीटरची वाट आहे तिची!

आणखी एक प्रवासी आहे, त्याचं आपल्याशीही नातं आहे आणि समुद्राशीही. त्याचं नाव छोटा टिलवा. चिमणीएवढा पक्षी, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाणे. उन्हाळ्यात हा थेट उत्तर ध्रुवाजवळच्या थंडगार प्रदेशात, सैबेरियाच्या टोकाला अंडी घालतो. तिकडे बर्फ पडायला लागला की हजारो किलोमीटर उडत आपल्याकडे येतो. हिवाळ्यात तो हतनूर धरणाच्या काठावर दिसतो आणि मुंबईच्या खाड्यांमध्येही दिसतो. इकडे गोडं पाणी, तिकडे खारं. मग त्याला हवं तरी काय?

चिखल!

हसू नका. माझ्या वर्गातल्या मुलांना एकदा तलावावर नेलं होतं, तेव्हा एक पठ्ठ्या नाक मुरडून म्हणाला, "सर, आठे ते निस्ता चिखल शे!" त्याला म्हटलं, चमचाभर चिखल उचल, ताटलीत घे आणि वरून पाणी ओत. ओतलं. दोन मिनिटांत ताटलीत काहीतरी वळवळायला लागलं. केसाएवढ्या लालसर अळ्या, तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगाई, नाव सांगता येणार नाही असे बारीक किडे. टिलव्याची चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी या चिखलात टकटक चालते, ती उगाच नाही. आपल्याला जो निस्ता चिखल, ते त्याचं भरलेलं ताट.

हे ताट ज्या शहरानं जवळजवळ उपडं केलं, त्या मुंबईची एक गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट खरी आहे आणि तिची जागा तुम्हाला जाऊन बघता येते. आपल्याकडून मुंबईला जाणारी गाडी दादरच्या जरा आधी सायन स्टेशनवरून जाते. तिथून पश्चिमेला, वांद्र्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागलं की एका अंगाला धारावीची दाट वस्ती आणि दुसऱ्या अंगाला एकदम हिरवंगार रान लागतं. ३७ एकरांचं! रानाच्या पाठीमागून मिठी नदी वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. हे माहीमचं निसर्ग उद्यान. त्याचं सरकारी नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान.

पन्नासेक वर्षांपूर्वी इथं झाडं नव्हती, मुंबईच्या कचऱ्याचा ढीग होता. वर्षानुवर्षं ट्रक यायचे आणि रिकामे होऊन जायचे. वरती घारी आणि कावळे, खाली उंदीर, आणि पावसात ढिगातून झिरपणारं काळं पाणी सरळ खाडीत! सत्तरच्या दशकाच्या अखेरीला निसर्गप्रेमी मंडळींच्या मनात आलं की या जागेवर रान का उभं करू नये? ही कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातल्या शाखेनं मांडली. बागबिग नको, मुंबईच्या मुलांना झाडं, फुलपाखरं आणि पाखरं दाखवणारं रान हवं. त्या काळात ही कल्पना ऐकून किती लोक हसले असतील, विचार करा.

१९८३ मध्ये तिथं पहिलं झाड लावलं गेलं. कोणाच्या हातानं, माहीत आहे? डॉ. सालिम अलींच्या! भारतातल्या पाखरांचा अख्खा जन्मभर अभ्यास केलेला हा माणूस तेव्हा शहाऐंशी वर्षांचा होता. त्या वयात माणूस कचऱ्याच्या ढिगावर रोप लावतो, ते झाडाच्या सावलीत बसायला मिळेल म्हणून नक्कीच नाही. जून १९८७ मध्ये ते गेले. उद्यान लोकांसाठी उघडलं २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी. मधली अकरा वर्षं कशात गेली?

ती गेली माती करण्यात.

कचऱ्यावर झाड लावणं हे खड्डा खणला, रोप ठेवलं, पाणी घातलं इतकं सोपं नसतं. आतमध्ये कचरा कुजत असतो. कुजताना तो तापतो, त्यातून वायू निघतात. मुळांना हवा लागते, पण खाली हवेच्या जागी हा वायू भरलेला असतो, मग रोप गुदमरतं. मध्ये प्लास्टिकचे थर असतील तर पाणी खाली उतरत नाही, मूळही उतरत नाही. म्हणून आधी वरून माती पसरायची, शेणखत आणि पालापाचोळा घालायचा, आणि सुरुवातीला काटक, हट्टी झाडं लावायची. ती जगली की त्यांची पानं गळतात. पानं कुजतात, त्यात बुरशी येते, वाळवी येते, गांडूळ येतं. इंचभर खरी माती तयार होते. मग थोडी नाजूक झाडं तग धरतात. पुन्हा पानं, पुन्हा माती. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना मी हे काय नव्यानं सांगणार! पडीक रान कसात आणायला आपले आजोबा किती पावसाळे मोजायचे ते त्यांनाच विचारा.

आणि एक गंमत. एका टप्प्यानंतर झाडं लावायला माणसांची गरज कमी होत जाते. किडे आले की त्यांच्यामागून शिंपी, नाचण, दयाळ येतात. फुलं आली की शिंजीर येतो. कुठून तरी एखादा तांबट किंवा बुलबुल उंबराची फळं खाऊन येतो आणि फांदीवर बसून विष्ठा टाकतो. त्यात बी असतं. वड, पिंपळ, उंबर ही झाडं अशीच आपोआप उगवतात. म्हणजे आधी माणसांनी पाखरांसाठी झाडं लावली, मग पाखरांनी स्वतःच लावायला सुरुवात केली. आज या उद्यानात शंभराहून जास्त जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत, ऐंशीच्या आसपास जातींची फुलपाखरं आहेत आणि झाडंझुडपं हजारोंनी आहेत. १९९१ मध्ये या जागेला संरक्षित वनाचा दर्जाही मिळाला. कचऱ्याचा ढीग आणि संरक्षित वन, एकाच जागेची ही दोन नावं!

मी तिथं गेलो होतो तो हिवाळ्याचा दिवस होता. फाटकाबाहेर गाड्यांचे भोंगे, रिक्षा, धूर. आत शंभर पावलं गेलो तर भोंग्यांच्या वरताण तांबटाचं टुक टुक टुक ऐकू आलं. खाडीच्या बाजूला तिवरांची गर्दी, त्यात रातबगळे मान आखडून झोपलेले. ते रात्री जागतात, म्हणून दिवसा झोपतात. आपल्याकडच्या वाडीत रात्री राखणीला गेलेला माणूस जसा दुपारी झोपतो, तसेच.

तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं झाड. चिखलात हवा नसते, म्हणून याची काही मुळं उलटी, जमिनीतून वर येतात आणि हवा घेतात. काठावर शेकडो पेन्सिली उभ्या खोचून ठेवल्यासारखं दिसतं. त्या मुळांमध्ये खेकडे, निवट्या, कोळंबीची पिल्लं. बगळ्यांना आणि खंड्याला आणखी काय पाहिजे? पण मिठी नदी अख्ख्या उपनगरांचं सांडपाणी आणि प्लास्टिक घेऊन येते. भरती आली की पिशव्या, बाटल्या, थर्माकोल, चपला सगळं तिवरांत शिरतं. ओहोटी लागली की पाणी जातं, कचरा तिथंच राहतो. पिशव्या त्या पेन्सिलींवर टोपीसारख्या बसतात आणि झाडाचा श्वास कोंडतो.

म्हणून मुंबईच्या खाड्यांवर रविवारी सकाळी स्वयंसेवकांच्या टोळ्या दिसतात. कॉलेजची मुलं, नोकरदार, आजीआजोबा. ओहोटीची वेळ बघून उतरायचं, गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात मोजे, आणि पाऊल टाकताना मुळं मोडायची नाहीत. दोन तासांत पोत्यांच्या राशी लागतात. पुढच्या भरतीला पुन्हा थोडा कचरा येतोच! मला विचाराल तर या कामातलं सगळ्यात अवघड हेच. झाड लावताना फोटो काढता येतो, पेपरात नाव येतं. तीच पिशवी दहाव्यांदा उचलताना कोण फोटो काढणार?

झाडं लावून, कचरा उचलून सगळं झालं असंही नाही. जागा राखावी लागते. मुंबईत जमिनीचा भाव काय असतो ते तुम्ही मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलं असेल. २०१८ मध्ये धारावीच्या पुनर्विकासाच्या क्षेत्रात या उद्यानाचंही नाव आल्याचं लोकांना कळलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पर्यावरणासाठी काम करणारी मंडळी उच्च न्यायालयात गेली. अखेर २०२३ मध्ये, उद्यान या प्रकल्पात नाही, असं सरकारकडून न्यायालयात सांगण्यात आलं. चाळीस वर्षांपूर्वी लावलेलं झाड असं कागदावरही राखावं लागतं.

तिथून खाडीच्या पलीकडे, नवी मुंबईत नेरूळला एक तलाव आहे, डी.पी.एस. तलाव म्हणतात त्याला. तिथं रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. ठाण्याच्या खाडीत रोहित हजारोंनी येतात, २०१५ मध्ये खाडीचा तो भाग त्यांचं अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसरच्या यादीत गेला. भरतीला खाडीचा चिखल बुडतो, तेव्हा हे पक्षी टेकायला आसपासच्या उथळ तलावांवर जातात. नेरूळच्या तलावात भरतीचं पाणी यायच्या वाटा बंद झाल्या. तळ सुकला, शेवाळं माजलं. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथं रोहित पक्षी मरून पडलेले सापडले. आजूबाजूच्या रहिवाशांनी फोटो काढले, अर्ज केले, मोर्चे काढले, पिच्छाच सोडला नाही. पाण्याची वाट पुन्हा मोकळी झाली आणि रोहित परत आले. या सगळ्यात कोणी एकसुद्धा झाड लावलेलं नाही, बरं का! तिथं झाडाची गरजच नव्हती. भरतीला आत येऊ देणं एवढंच काम होतं.

आता आपल्याकडे येऊ.

चांगदेवजवळ तापी-पूर्णेचा संगम आहे, त्याच्या खालच्या अंगाला हतनूरचं धरण. ४१ दरवाजांचं! पावसाळ्यात ते उघडले की बघायला गर्दी होते. पण खरी गर्दी हिवाळ्यात होते आणि ती माणसांची नसते. लालसरी, थापट्या, चक्रवाक, तलवार बदक, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले राजहंस (यांना पट्टकादंबही म्हणतात, आणि ते हिमालय ओलांडून येतात!). भारतातल्या पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या जागांच्या यादीत हतनूरचं नाव आहे. वरणगावची 'चातक' ही संस्था तिथं पक्षीगणना करत आली आहे. पगार नाही, मानधन नाही. थंडीत पहाटे उठायचं, दुर्बीण लावायची आणि मोजायचं. पाणपक्ष्यांची अशी गणना १९८७ पासून आशियातल्या कितीतरी देशांत दर जानेवारीत होते. कोणत्या तलावावर पक्षी कमी झाले हे आकड्यांवरूनच कळतं. नुसतं 'पूर्वी फार पक्षी यायचे हो' म्हणून कोणी ऐकत नाही.

जळगावचा मेहरूण तलाव आणि धुळ्याचा नकाणे तलाव तर शहराच्या अगदी अंगणात आहेत. मेहरूण म्हटलं की तुम्हाला बोरं आठवणार! शहराजवळच्या कोणत्याही तलावावर आपण काही करू म्हटलं की मोठी माणसं आधी काय सुचवतात? काठाला दगडी भिंत, फरशीचा रस्ता, रंगीत दिवे, कारंजं. 'सुशोभीकरण' असा शब्द आहे त्याला. माणसांना फिरायला जागा हवीच, माझं भांडण नाही. पण सगळाच काठ फरशीचा झाला तर टिलव्यानं चोच कुठं खुपसायची? काठ हळूहळू उतरता हवा. आधी कोरडं गवत, मग ओल, मग चिखल, मग बोटभर पाणी, मग गुडघाभर. या एकेका पट्ट्यावर वेगळा पक्षी चरतो. टिटवी कोरड्यात, टिलवा ओल्या चिखलात, लांब तांबड्या पायांचा शेकाट्या पाण्यात. उभी भिंत बांधली की हे सगळे पट्टे एका फटक्यात गेले.

बाभळीचंही तसंच. काटेरी म्हणून आधी तिच्यावर कुऱ्हाड. पण पाण्यात उभ्या असलेल्या बाभळीवर बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची घरटी असतात. खाली पाणी आणि फांद्यांना काटे, मांजर चढणार कशी? आणि वाळलेलं, पोकळ झाड सरपणाला नेण्याआधी एकदा आपल्या रानपिंगळ्याची आठवण काढा. या छोट्या घुबडाचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ मध्ये आपल्याच खान्देशातून गोळा केला होता. पुढे शंभर वर्षं तो कोणाला दिसलाच नाही, संपला असंच धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पॅमेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंना आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात जिवंत दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. हा पक्षी घरटं विणत नाही, झाडाच्या ढोलीत राहतो. ढोल्या जुन्या झाडांनाच असतात. कालच्या वृक्षारोपणातल्या रोपाला ढोली यायला किती वर्षं लागतील, करा हिशेब!

मग आपण करायचं काय? सगळ्यात आधी जागा बघायची. एकाच तलावावर महिन्यातून एकदा, वर्षभर. कुठं पाणी आटतं, कुठं कोण चरतं, कोण घरटं करतं, ते वहीत लिहायचं. याआधी फावडं उचलूच नका. मग कळतं की एका ठिकाणी जलपर्णीनं पाणी झाकून टाकलंय, ती मोठ्यांच्या मदतीनं काढली पाहिजे. दुसरीकडे बेशरम माजलीय, पण तिच्या एका झुडपात कोणाचं तरी घरटं आहे, तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं. पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही हे वेगळं सांगायला नको. गाळ फसवा असतो.

आणि एक काम तर फक्त तुमचंच. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघा. झाडांना, तारांना, काठावरच्या झुडपांना मांजा लटकलेला असतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तरी तो मिळतो आणि तुटून पडतो. पतंग घरी जातो, मांजा झाडावर महिनोन्महिने राहतो. संध्याकाळी घरट्याकडे परतणारा बगळा त्यात पंख अडकवून लटकतो. हाताला लागेल तेवढा मांजा काठीला गुंडाळा. विजेच्या तारांवरचा मात्र अजिबात ओढू नका, तो मोठ्यांना दाखवा. आमच्या वर्गानं गोळा केलेला मांजा आम्ही कात्रीनं बोटभर तुकडे करून मगच टाकला. अख्खा टाकला तर तो पुन्हा कोणाच्या तरी पायात जाणार.

५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची आणि १२ तारीख सालिम अलींच्या. सुरुवात त्याच आठवड्यात करा. वहीच्या पानावर चार रकाने आखा : तारीख, वेळ, पक्षी, किती. टिलव्यांचा थवा मोजताना गोंधळ होतो, कारण ते सारखे पळतात. त्याला युक्ती आहे. आधी दहा टिलवे नीट मोजायचे, दहांचा घोळका केवढा दिसतो ते डोळ्यांत ठेवायचं आणि तसे किती घोळके आहेत ते बघायचं. दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि मग आकडे ताडून बघावेत. नाव ओळखता आलं नाही तर चित्र काढा, पायांचा आणि चोचीचा रंग लिहा. आमच्या वर्गाच्या वहीत एका पानावर 'लांब लाल पायाचा, काठ्यांवर चालल्यासारखा, १४' अशी नोंद आहे. तो शेकाट्या होता.